गौरी आल्या त्या दिवशी मेस्सी

गणेश चतुर्थीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि आम्ही सगळे अमेरिकेतल्या रेडमंडच्या त्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलो, तेव्हा भाच्याच्या एका हातात उकडीचा मोदक होता आणि दुसऱ्या हातात फोन. तारीख २७ ऑगस्ट २०२५. सिअ‍ॅटल साउंडर्स या इथल्या फुटबॉल क्लबनं लॉस एंजेलिसला जाऊन गॅलेक्सीला २-० हरवलं. तिकडं फ्लोरिडात मेस्सीच्या इंटर मायामीनं ऑरलँडोचा ३-१ असा निकाल लावलेला. म्हणजे लीग्ज कपची, अमेरिका-कॅनडा आणि मेक्सिकोतल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल साउंडर्स विरुद्ध मायामी, रविवारी ३१ तारखेला, आणि तीही सिअ‍ॅटलमध्येच. भाच्यानं मोदक अख्खाच तोंडात टाकला आणि तिकिटं काढली. किती डॉलर गेले ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

"अरे, रविवारी गौरी यायच्यात," ताई आतून म्हणाली.

भाच्यानं लगेच फोनवरचं पंचांग उघडून दाखवलं. इथल्या वेळेनुसार अनुराधा नक्षत्र शनिवारीच लागतं, तेव्हा गौरी शनिवारी आणायला काहीच हरकत नाही, असं त्याचं म्हणणं. ताईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. "कोल्हापुरात ज्या तारखेला येतात त्याच तारखेला इथं येतील. तुझ्या मॅचसाठी नक्षत्र हलवायचं नाही."

मी कोल्हापूरचा. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात ३१ वर्षं काढली आणि त्याहून जास्त वर्षं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ या तालमींच्या संघांत जी ईर्षा चालते तिला फुटबॉल हे निव्वळ निमित्त असतं. माझी तालीम कुठली ते इथं लिहीत नाही, उगाच अर्धे वाचक कमी व्हायचे. सांगायचं इतकंच, की फुटबॉलवरून अमेरिकेत कोण काय भांडणार, अशा गुर्मीतच मी विमानात बसलो होतो.

गुरुवार, २८ ऑगस्ट

पोर्टलंडला जायचं आधीच ठरलं होतं. सकाळची गाडी सिअ‍ॅटलच्या किंग स्ट्रीट स्टेशनवरून सुटते. १९०६ सालचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं स्टेशन, आणि त्याला खेटूनच साउंडर्सचं मैदान, लुमेन फील्ड. गाडी साडेतीन तासांची. भाच्यानं डोक्यावर साउंडर्सची टोपी घातली होती. कोलंबिया नदीचा पूल लागला तशी त्यानं ती काढून सॅकमध्ये कोंबली.

"का रे?"

"मामा, पाटाकडीलचा झेंडा घेऊन तुम्ही दिलबहारच्या दारात जाल का?"

मला एवढं पुरे होतं.

सिअ‍ॅटल, पोर्टलंड आणि कॅनडातलं व्हँकुव्हर या तिघांचं भांडण १९७० च्या दशकापासूनचं. या टापूला कॅस्केडिया म्हणतात. २००४ मध्ये तिन्हीकडच्या समर्थकांनी मिळून कॅस्केडिया कप सुरू केला. आपसातल्या सामन्यांत जो सगळ्यात जास्त गुण मिळवेल त्याचा करंडक. लीगनं दिलेला नव्हे, प्रेक्षकांनी स्वतः करून घेतलेला. हे ऐकून माझी गुर्मी थोडी उतरली.

पोर्टलंड टिंबर्सचं प्रॉव्हिडन्स पार्क भर शहरात आहे, ट्राम दारातच थांबते. १९२६ चं मैदान, रस्त्याच्या पातळीपेक्षा खोल. त्यामुळं फुटपाथवरून जाळीला नाक लावलं की आतली हिरवळ दिसते. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, डबा पोचवायला आलेल्या पोरांसारखे. गोल झाला की इथं खरोखरीचा लाकडाचा ओंडका आणलेला असतो, एक माणूस साखळी करवतीनं त्याची चकती कापतो आणि मॅच संपल्यावर ती गोल करणाऱ्याला देतात. सागवानी नसावी, पण ढालीपेक्षा बरी.

जवळच्या पबमध्ये टेकलो. शेजारच्या टेबलावर सत्तरीकडं झुकलेले एक गृहस्थ, टोपीवर टिंबर्सची कुऱ्हाड. मी भारतातून आलोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आज तारीख काय माहीत आहे का?"

२८ ऑगस्ट. १९७७ साली याच तारखेला, याच मैदानावर, पेले आपली शेवटची अधिकृत मॅच खेळला. न्यूयॉर्क कॉसमॉस विरुद्ध सिअ‍ॅटल साउंडर्स, २-१. हे गृहस्थ तेव्हा कॉलेजात होते आणि स्टँडमध्ये बसले होते. साउंडर्सच्या गोलकीपरनं चेंडू जमिनीवर टाकला आणि पाठीमागून स्टीव्ह हंटनं तो हळूच पळवून गोल केला, हे त्यांनी मीठदाणी आणि मिरीदाणी सरकवून दाखवलं. सिअ‍ॅटल तेव्हापासूनच बेसावध, अशी पुस्तीही जोडली. भाचा गप्प.

मग मी माझी हकीकत काढली. त्यानंतर महिना व्हायच्या आत कॉसमॉस कोलकात्यात आले आणि ईडन गार्डन्सच्या चिखलात मोहन बागाननं त्यांना २-२ असं रोखलं. मी सातवीत होतो. दुसऱ्या दिवशी तालमीत पेपरातला फोटो हातोहात फिरून त्याची शाई गेली होती. गृहस्थांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, जणू मीच तिथं हाफबॅक होतो.

गप्पा मग आपोआप पैशावर आल्या. कॉसमॉसनं पेले, बेकेनबाउर, किनालिया असे मोहरे आणले. बाकीच्यांनी ऐपत नसताना त्यांचा पाठलाग केला. १९८४ च्या हंगामानंतर ती सगळी लीगच बसली. हे मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. एका कारखान्यानं उसाला चढा दर जाहीर केला की शेजारच्याला द्यावाच लागतो, साखरेला भाव असो वा नसो. आमच्या जिल्ह्यानं हे किती वेळा बघितलंय! म्हणून १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर (एमएलएस) सुरू झाली तेव्हा तिची बांधणीच वेगळी केली. खेळाडूचा करार क्लबशी होत नाही, लीगशी होतो. जणू जिल्ह्यातले सगळे कारखाने एकाच फेडरेशनचे, प्रत्येक चेअरमनकडं तिचे शेअर्स, आणि तोडणीवाले फेडरेशनच्या हजेरीपटावर. तरीही २००१ नंतर दोन क्लब बंद करावे लागले. आता ३० आहेत.

"एवढं करून आमचा एव्हांडर गेलाच की," गृहस्थ म्हणाले. २०२४ मध्ये त्यानं १५ गोल केले आणि १९ करवले. २०२५ सुरू होताना तो १ कोटी २० लाख डॉलरपर्यंतच्या रोख व्यवहारात सिनसिनाटीला गेला. क्लबाक्लबांत रोख पैशानं खेळाडू घ्यायची मुभा त्याच वर्षी मिळाली होती. त्यांचं म्हणणं असं: ज्या लीगमध्ये सर्वांत चांगला खेळाडू विकल्यावर क्लबला शिक्षा होत नाही, तळाला गेलं तरी खालच्या वर्गात ढकलत नाहीत, तिथं संघाची ताकद मोजायची कशावर? ३० पैकी १८ संघ प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना, जातात. म्हणजे नापास व्हायलाच कष्ट.

मी विचारलं, रविवारी कुणाच्या बाजूनं? मेस्सी?

"विकत घेतलेला संघ. नाही."

मग सिअ‍ॅटल?

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पाण्याचा ग्लास उचलला. "रविवारी पाच वाजता," ते म्हणाले, "मी अंगणातलं गवत कापणार आहे."

शुक्रवार, २९ ऑगस्ट

संध्याकाळच्या आरतीला भाच्याचे मित्र आले. सगळे संगणकवाले. एक नागपूरचा, गुलाबी मायामी जर्सीतच आरतीला उभा. एक पुण्याचा, त्याचं फुटबॉल आर्सेनलला सुरू होऊन आर्सेनललाच संपतं. आणि शेजारी राहणारा, मूळचा मेक्सिकोतल्या पुएब्लाचा. याच स्पर्धेत त्याच्या गावच्या संघाला साउंडर्सनं पेनल्टींवर बाहेर काढलं होतं, तरी तो मोदक खायला आला. माणूस मोठ्या मनाचा.

आणि मग जे सुरू झालं त्याला मी भांडण म्हणणार नाही. ते ऑडिट होतं.

आपल्याकडं संघावर वाद घालतात तो असा: अमक्याच्या उजव्या पायात दम आहे, तमका मोठ्या मॅचला ढेपाळतो, रेफ्री विकला गेलाय. इथं नागपूरवाल्यानं लॅपटॉप काढला. खेळाडूंची संघटना वर्षातून दोनदा प्रत्येकाचा पगार जाहीर करते, नावानिशी. तो तक्ता उघडून हे लोक अशा शिव्या घालत होते की बस. माझं वय उतरलं. मी चष्मा पुसून पुढं सरसावलो.

तर जमाखर्च असा. २०२५ साठी क्लबाचं पगाराचं बजेट ५९ लाख ५० हजार डॉलर, मुख्य २० खेळाडूंसाठी. एका खेळाडूचा बजेटवर पडणारा भार जास्तीत जास्त ७ लाख ४३ हजार ७५०. पण प्रत्येक क्लबाला तीन खास खेळाडू ठेवता येतात. त्यांना कितीही द्या, बजेटमध्ये एवढीच रक्कम धरायची. २००७ मध्ये बेकहॅमला गॅलेक्सीत आणण्यासाठी ही खिडकी उघडली, तेव्हापासून ती रुंदच होत गेली. मेस्सीचा हमी पगार वर्षाला २ कोटी ४ लाख डॉलरच्या वर, कित्येक अख्ख्या संघांपेक्षा जास्त. वहीत मात्र ७ लाख ४३ हजार ७५०. मुख्य खेळाडूचा किमान पगार १ लाख ४ हजार. म्हणजे एकाच ड्रेसिंग रूममध्ये दोनशे पटींच्या आसपास तफावत.

याशिवाय वाटपाचा पैसा म्हणून एक प्रकार आहे. तो खरा पैसा नव्हे, लीगनं दिलेली कुपनं. त्यानं एखाद्याचा पगार वहीत कमी दाखवता येतो, आणि ही कुपनं देऊन दुसऱ्याचा खेळाडूही घेता येतो. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, त्याही विकता येतात, पण परदेशी माणसाला ग्रीन कार्ड मिळालं की तो देशी धरतात. खोलीत बसलेल्या तिघांची ग्रीन कार्डं वर्षानुवर्षं अडकलेली. ते एकदम हसले. "मामा, आम्ही लेफ्ट बॅक असतो तर बरं झालं असतं."

वादाचं मूळ असं. नागपूरवाला म्हणे, तीन-चार थोर माणसं असली की संघ झाला. भाचा म्हणे, संघ म्हणजे आठव्यापासून अठराव्यापर्यंतची माणसं. मायामीनं २०२४ चा साखळी हंगाम ७४ गुणांनी जिंकला, तो विक्रम. आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत अटलांटानं त्यांना घरी बसवलं. हे भाच्याचं हुकमाचं पान. नागपूरवाल्याचं पान २०२५ च्या जूनमधलं: क्लब वर्ल्ड कपमध्ये मायामीनं पोर्तोला २-१ हरवलं, साउंडर्स मात्र बोताफोगो, अ‍ॅटलेटिको माद्रिद आणि पॅरिस या तिघांकडूनही हरले. मग पॅरिसनं तुम्हाला चार मारले त्याचं काय? तुम्हाला दोन मारले ते तरी कशाला सांगता? असं चाललं.

पुणेकर म्हणाला, हे सगळे क्लब इंग्लंडच्या दुसऱ्या वर्गात तरी टिकतील का? या प्रश्नाला मला तरी काही अर्थ दिसला नाही. कोल्हापूरची मिसळ नाशिकच्या मिसळीपुढं टिकेल का, असं विचारून मिसळ कळत नाही.

खरा मुद्दा पुएब्लावाल्यानं काढला, फार न बोलता. बोटं मोजली. २०२३, लेऑन. २०२४, पाचुका. २०२५, क्रूस असूल. उत्तर अमेरिका खंडाचा करंडक तिन्ही वर्षं मेक्सिकोत, आणि तिन्ही फायनलमध्ये हरलेला संघ या लीगचा. त्याआधी फक्त २०२२. ते साल आलं तसे भाच्यानं दोन्ही हात वर केले, कारण २०२२ साउंडर्सचं. पूमासशी मेक्सिकोत २-२, इथं ३-०. चॅम्पियन्स लीग म्हणून ती स्पर्धा सुरू झाल्यापासून ती जिंकणारा या लीगचा हा पहिलाच क्लब.

एक गोष्ट मात्र मला हिशेबनीस म्हणून बोचली. क्लब वर्ल्ड कपात नुसतं उतरण्याचे साउंडर्सला ९५ लाख ५० हजार डॉलर मिळणार होते, आणि करारातल्या जुन्या कलमामुळं खेळाडूंच्या वाट्याला सगळे मिळून जास्तीत जास्त १० लाख. जूनच्या पहिल्या तारखेला ते सराव करायला उतरले ते निषेधाचे शर्ट घालूनच. स्पर्धेच्या नावात शब्दांची फिरवाफिरव करून त्यावर पैसे ओरबाडण्याचा टोमणा छापलेला. कारखान्यात बोनसच्या वेळी गेटवर हेच व्हायचं, फक्त शर्टावर छापायची अक्कल आम्हाला सुचली नाही.

रात्री साडेअकराला ताईनं दिवा मालवला तेव्हा कुठं लॅपटॉप मिटला.

शनिवार, ३० ऑगस्ट

व्हँकुव्हरला जायचं मनात होतं, पण माझ्याकडं कॅनडाचा व्हिसा नाही. मग सीमेपर्यंतच गेलो. ब्लेन गावाशी पीस आर्च म्हणून पांढरी कमान आहे, १९२१ ची, एक पाय अमेरिकेत आणि एक कॅनडात. भोवती बाग. तिथं भाच्याचा कॉलेजातला दोस्त पलीकडच्या सरेहून आला, ठाण्याचा पोरगा, आता पक्का व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सवाला. आम्ही हिरवळीवर सतरंजी टाकली आणि ताईनं दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.

त्याच्या संघाची कथा ऐकून मी पुरी हातातच धरून राहिलो. एप्रिलमध्ये व्हँकुव्हरनं खंडाच्या स्पर्धेच्या सेमी फायनलमध्ये मेस्सीच्या मायामीला दोन सामने मिळून ५-१ असं धुतलं. तिथून फायनलला मेक्सिको सिटीत गेले आणि क्रूस असूलकडून ५-० खाऊन आले. आता सांगा, हा संघ भारी की फाटका? ऑगस्टमध्ये जर्मनीचा थॉमस म्युलर येऊन दाखल झालेला. आणि क्लब स्वतः विक्रीला! आदल्या वर्षी तर त्यांची घरची प्लेऑफ मॅच घरी होऊ शकली नाही, कारण स्टेडियमवर मोटरसायकलींचा कार्यक्रम ठरला होता. ती त्यांनी पोर्टलंडच्या मैदानावर, पोर्टलंडविरुद्धच खेळली आणि ५-० जिंकली. गवत कापणाऱ्या गृहस्थांनी ही गोष्ट मला सांगितली नव्हती. साहजिक आहे.

"उद्या मायामी," तो म्हणाला. "आम्ही हरवलं तेव्हा त्यांच्याकडं डी पॉल नव्हता." एका डॉलरची पैज लागली. कॅनडाचा की अमेरिकेचा यावर पाच मिनिटं गेली. (डिसेंबरात मायामीनं त्याच्याच व्हँकुव्हरला ३-१ हरवून एमएलएस कप नेला, तेव्हा त्याचा नागपूरवाल्याला मेसेज गेला म्हणे: तुझे तीन थोर लोक तुलाच लखलाभ.)

परतताना भारतीय दुकानात शेपूची जुडी आणि ज्वारीचं पीठ घेतलं.

रविवार, ३१ ऑगस्ट

सकाळी नऊला गौरी आल्या. गॅरेजच्या दारापासून देवापर्यंत भाचेसुनेनं कुंकवाची पावलं काढली. लाकडी फरशीवर डाग पडेल म्हणून खाली कागद. ताटली वाजवत ताईनं विचारलं, गौरी कशाच्या पावलांनी आली? आम्ही सोन्याच्या, मोत्याच्या, धनधान्याच्या सांगत गेलो. भाचा तिसऱ्यांदा घड्याळ बघताना सापडला. "आणि तुझ्या बापाच्या गाडीनं," ताई त्याच लयीत म्हणाली. शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य झाला. आम्ही जेवलो आणि निघालो. ताईनं माझ्या कापडी पिशवीत चिवड्याची पुडी घातली.

ती पिशवी माझी फजिती करून गेली. फाटकावर कळलं की आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवीच चालते. सुरक्षावाली बाई अदबीनं बोलली, पण चिवडा काही सोडला नाही. शेवटी आम्ही चौघांनी रांगेच्या कडेला उभं राहून पाव किलो चिवडा संपवला आणि पिशवी घडी करून खिशात घातली. शेंगदाणे नागपूरवाल्याला दिले नाहीत. तो गुलाबी जर्सीत होता.

त्याआधी ऑक्सिडेंटल स्क्वेअरमधून मिरवणूक निघाली. मैदानाकडं चालत जायची इथली प्रथाच आहे. ढोल, हिरवे धूर, हिरवे स्कार्फ. पेठेतनं शाहू स्टेडियमला निघाल्यासारखंच, फक्त हलगी नाही आणि कुणाच्या दारात मुद्दाम जास्त वेळ थांबत नाहीत. मी एकदा सवयीनं थांबलो, मागच्यांनी पुढं ढकललं.

आत ६९ हजार ३१४ माणसं. साउंडर्सच्या मॅचला आजवर इतकी कधी आली नव्हती. आम्ही पूर्वेच्या बाजूला वर, चौथ्या रांगेत. शेजारून मालगाडी गेली तिनं शिटी दिली, आणि दक्षिण टोकाला जे कट्टर समर्थक उभे असतात त्यांनी तिलाही ओरडून उत्तर दिलं.

मायामीच्या अकरांत मेस्सी, सुआरेझ, बुस्केत्स, अल्बा, डी पॉल. साउंडर्सकडं जॉर्डन मॉरिस आणि पॉल आरिओला दोघंही दुखापतीमुळं बाहेर. म्हणजे कागदावर निकाल लागलेला. मी मुद्दाम पहिली दहा मिनिटं फक्त मेस्सीकडं बघितलं, कट्ट्यावर सांगायला लागणार म्हणून. तो चालतो. खरोखर चालतो, भाजी आणायला निघाल्यासारखा, मान किंचित खाली. पण दर चार-पाच पावलांनी ती मान डावी-उजवीकडं फिरते, पाखरासारखी. चेंडू दुसरीकडं असताना तो माणसं मोजत असतो. टीव्हीवर हे दिसत नाही, टीव्ही चेंडूच्या मागं असतो.

२६ व्या मिनिटाला अ‍ॅलेक्स रोल्डाननं उजवीकडून चेंडू आत टाकला आणि ओसाझे डी रोझारिओनं डोक्यानं तो जाळ्यात घातला. भाचा माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होता. हा पोरगा साउंडर्सच्या दुसऱ्या फळीच्या संघातून, टकोमातून वर आलेला. बाप ड्वेन डी रोझारिओ याच लीगचा एकेकाळचा सर्वोत्तम खेळाडू. तक्त्यात मुलाचं नाव शोधायला शुक्रवारी आम्हाला बरंच खाली सरकावं लागलं होतं.

मध्यंतरानंतर मेस्सीला समोर मोकळी जागा मिळाली. सगळं मैदान उभं राहिलं, साउंडर्सवालेसुद्धा, आणि चेंडू बारवरून गेला. त्या क्षणी आमच्या पुढच्या रांगेतल्या हिरव्या स्कार्फवाल्या बाईच्या तोंडून "अरेरे" असाच काहीतरी आवाज निघाला. मग तिनं घाईघाईनं टाळ्या वाजवल्या.

चेंडू बराच वेळ मायामीच्या पायात होता, पण मधली पट्टी साउंडर्सची. क्रिस्टियन रोल्डान आणि ओबेड व्हार्गास. व्हार्गास वीस वर्षांचा, जन्म अलास्कात अँकरेजला, इथल्याच अकादमीत वाढलेला. बुस्केत्सनं जगाला जे काम शिकवलं ते हा पोरगा बुस्केत्सच्या नाकासमोर करत होता. मी नागपूरवाल्याकडं बघितलं. तो लॅपटॉप नसल्यामुळं केविलवाणा दिसत होता.

८४ व्या मिनिटाला बदली आलेल्या मिनुंगूला पेटीत पाडलं. पेनल्टी. क्रिस्टियनचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक्सनं ती मारली, २-०. आणि ८९ व्या मिनिटाला पॉल रॉथरॉक. सिअ‍ॅटलचाच पोरगा, साउंडर्सच्या अकादमीतून कॉलेजला गेला, टोरांटोनं निवडला, तिथं काही जमलं नाही, परत येऊन टकोमाच्या संघापासून पुन्हा सुरुवात केली. ३-०. आमच्या मागचा एक माणूस रडत होता आणि रडतारडता बायकोला फोनवर शिव्या देत होता, कारण ती आली नव्हती.

मी मनात बेरीज करत होतो. गोल करणारे तिघं, तिघांतला एकही त्या तीन खास खेळाडूंपैकी नाही. २ कोटी ४ लाखांवाला शून्य. पण म्हणून भाच्याचं गणित बरोबर ठरलं असं म्हणायला मी तयार नाही. मेस्सीचा तो चेंडू बारच्या खाली वीतभर असता तर नागपूरवाल्यानं मला घरापर्यंत पटवलं असतं, आणि मला पटलंही असतं.

शिट्टी वाजली आणि जे झालं ते बघून मला पहिल्यांदा अगदी घरच्यासारखं वाटलं. सुआरेझनं व्हार्गासच्या मानेला हात घातला, माणसं धावली, ढकलाढकल. सुआरेझला पुढं सहा सामन्यांची बंदी बसली. "बंदोबस्त कुठाय?" माझ्या तोंडून निघून गेलं. भाचा म्हणाला, "मामा, इथं पोलीस मैदानात नाही येत." तीच तर चूक आहे म्हटलं.

या करंडकासरशी उत्तर अमेरिकेत जिंकण्यासारखं जे जे मोठं होतं ते सगळं साउंडर्सच्या कपाटात गेलं. या लीगमध्ये असा दुसरा क्लब नाही. घरी पोचायला दहा वाजले. ताई जागीच होती, गौरींच्या समईत तेल घालत.

"कोण जिंकलं?"

"हिरवे."

"बरं झालं. हातपाय धुवा, मग आत या."

सोमवार, १ सप्टेंबर

गौरीपूजन. अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी, त्यामुळं घर भरलेलं. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांपैकी नऊ मिळाल्या. नागपूरवाला साध्या सदऱ्यात आला. पुएब्लावाला बायकोला घेऊन आला आणि तिनं गौरींच्या मुखवट्यांचे इतके फोटो काढले की ताईनं तिला मुद्दाम एक जास्तीची ओटी दिली. गौरींच्या मागच्या पडद्याला एका बाजूनं कापड कमी पडत होतं. ताईनं इकडंतिकडं बघितलं, भाच्याच्या गळ्यातला हिरवा स्कार्फ काढून घेतला, अक्षरं आत दुमडली आणि चार टाचण्यांनी लावून टाकला.

आरती संपते न संपते तोच कट्ट्यावरून व्हिडिओ कॉल आला. तिकडं मंगळवारची पहाट उलटली होती, मागं चहाचे पेले वाजत होते. एका फोनपुढं सात-आठ तोंडं.

"भावा, मेस्सी बघितलास?"

"बघितला."

"किती मारलं?"

"एक बी न्हाई."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागनं कुणीतरी म्हणालं, "मग एवढ्या लांब गेलास कशाला?"